तिग्नातिनचा पाहुणचार

कासाब्लांका,
१८ सप्टेंबर २०२३

इज्जाताईस धाकट्या बिहीचा सलाम.

हम्मूदादाला आणि वहिनीला माती देऊन परत आलो, पण चित्त अजून तिथेच आहे. जेवायला बसलो की भूकंपाच्या ढिगाऱ्यातून काढलेली दादाची चप्पल डोळ्यांपुढे येते. रकिया म्हणते, रडून घ्या एकदा. मला रडायला वेळ नाही गं. दुकान छतापर्यंत भरलंय. तेलाचे डबे, मैदा, पाण्याच्या बाटल्या, गोधड्या, लहान मुलांचे कपडे. साखर मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला साखर सापडत नाही.

तुला खोटं वाटेल, पण या गल्लीत इतकी वर्षं काढली आणि मला कोणी कधी नावानं हाक मारली नाही. ‘ए सूसी, दोन अंडी दे’, ‘ए सूसी, उधारीवर लिही’. आम्हा डोंगराकडच्या वाण्यांना इथे सगळ्यांना तेच नाव. आता बँकेतल्या बाया येतात, कॉलेजची मुलं येतात, आणि मानानं म्हणतात, ‘सी बिही, आम्हाला तुमच्या गावाला घेऊन चला.’ काल तर एक डॉक्टर माझ्या स्टुलावर बसून पोती शिवत होता.

येत्या शनिवारी पहिला काफिला निघतोय. माझं दुकान सोडून मला येता येणार नाही. कौसर नावाची बँकेतली मुलगी म्होरकी आहे, हुशार आहे. सगळ्यांना मी नीट समजावून ठेवलंय, की आमच्या तिग्नातिनला पानात वाढलेलं नाकारायचं नाही, नाकारलं तर घरधन्याच्या तोंडात मारल्यासारखं होतं. तेव्हा तू काळजी करू नकोस, शहरातली असली तरी पोरं गावाला कमीपणा आणणार नाहीत.

दादाची तुदा कशी आहे? त्या संध्याकाळी दात येतात म्हणून रडत होती आणि तू तिला तुझ्याकडे झोपवायला नेलंस, ही अल्लाचीच योजना. आता तीच दादाची खूण. काय हवं ते निःसंकोच कळव.

तुझा,
बिही


तिग्नातिन,
२७ सप्टेंबर

बिहीला इज्जाचा सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

पत्र कौसरच्या हातून पोचलं. फोनचं म्हणशील तर टॉवर आडवा झालाय. पल्याडच्या सोंडेवर थोडी रेघ येते, पण तिथे अख्खा गाव कानाला फोन लावून बसलेला असतो. मी तुला काय बोलले ते मी खाली उतरायच्या आत चक्कीवर पोचतं. मशिदीतल्या बायांच्या वर्गात म्हातारपणी पाटी धरली तेव्हा तू हसला होतास ना? आता वाच.

तुझी माणसं आली. दरडीपर्यंत गाड्या, तिथून खेचरं. तंबू मिळाला, त्याचं पुण्य त्यांना. गोधड्या चांगल्या आहेत. शेवयांची पाकिटं एवढी आहेत की पुढच्या ईदपर्यंत पुरतील. पण बाबा, उंच टाचांचे बूट कोणी पाठवले? आणि जरीचा लग्नाचा कफ्तान? दा बाहाच्या सुनेनं तो घालून शेण उचललं, तेव्हा भूकंपानंतर पहिल्यांदा बाया हसल्या.

पाहुण्यांचं सगळं रीतसर झालं. गावच्या पंचांची जमात बसली होती. कोणीतरी म्हणालं, ‘अजून कबरीची माती ओली आहे, या खेपेला नुसत्या चहावर भागवू.’ तर दा बाहा उठून उभा राहिला. ‘घरं पडली, गाव पडलेलं नाही. पाहुण्यांना जेवू घालायची घरोघरची पाळी माझ्या आज्यानं लावून दिलीय, ती वरच्या घरापासून सुरू होईल.’ जमातीचा म्होरक्या बोलल्यावर कोण तोंड उघडणार? वरच्या घरी बोकड कापला. तुझी पोरं सगळं ताट पुसून गेली, हाडंसुद्धा चोखून. चांगल्या घरची आहेत.

तुदा बरी आहे. आपल्या पांढरी गाईच्या दुधावर आहे. थोडं पाणी घालून उकळते, आणि ती बाटली अशी धरते, जशी काय कोणी हिसकावणारच आहे. पांढरी वाचली, पण गोठा पडला आणि वर्षाचा पेंढा त्याखाली गेला. वरून पाऊस पडून तो कुजला. गावात ज्यांची जनावरं वाचली त्या सगळ्यांचं हेच रडगाणं आहे. तू काय हवं ते विचारलंस, म्हणून सांगते. चारा पाठव. जव असतील तर फार बरं, नसतील तर नुसता पेंढा. बाकी काही नको.

इज्जा


कासाब्लांका,
६ ऑक्टोबर

इज्जाताईस सलाम.

ताई, तुम्ही काय जादू केलीत? पोरं परत आली ती वेडी होऊन. कौसरनं तिथे काढलेला व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. घर पडलेली माणसं दगडांवर चटई टाकून पाहुण्यांना बोकडाचं मांस वाढतायत, दा बाहा ती भलीमोठी चहाची धार सोडतोय, आणि खाली लिहिलंय, ‘सगळं गेलं, दानत नाही गेली.’ दुकानात बाया डोळे पुसत होत्या. माझी छाती गजभर झाली. ‘आमचं गाव असंच आहे’, मी म्हटलं.

आता यायला माणसं रांग लावतायत. एक काफिला पुरेना, म्हणून आठवड्यातून दोनदा पाठवतोय. शाळेच्या बाई आपली मुलं घेऊन येणार आहेत, त्यांना दुःख म्हणजे काय ते दिसावं म्हणून. एक व्यायामशाळावाला आपले चेले आणतोय. मी म्हटलं, या, सगळे या.

चाऱ्याचं मी दोघातिघांना विचारलं. ताई, रागावू नकोस, पण लोक माणसांसाठी देतात गं. गोधडी दिली की कोणाच्या तरी अंगावर दिसते. पेंढ्याच्या गठ्ठ्याबरोबर फोटो कोण काढून घेणार? एक जण तर म्हणाला, ‘सी बिही, माणसं उघड्यावर असताना गाईला कुठे मधे आणता?’ मला लाज वाटली. तरी प्रयत्न सोडलेला नाही.

तुम्ही पाहुणचार मात्र असाच ठेवा. खूश होऊन गेलेला माणूस परत येतो, आणि एकटा येत नाही.

तुझा,
बिही


तिग्नातिन,
१५ ऑक्टोबर

बिहीला सलाम.

आमचं बरं चाललंय.

तू म्हणालास तशी खूश झालेली माणसं परत आली, आणि एकटी आली नाहीत. पाळी वरच्या आळीतून मधल्या आळीत केव्हा आली कळलं नाही. पूर्वी पाहुणा यायचा तो मधमाश्यांचा व्यापारी नाहीतर कोणाचा सोयरा. तुझ्या लग्नापासून आजवर आपल्या घरावर पाळी आली ती बोटांवर मोजण्याइतकी. आता आठवड्याला दोन घरं लागतात. फाद्माच्या शेळ्या संपल्या. चक्कीवाल्याच्या कोंबड्या संपल्या. जनावरं कमी झाली की चाराही कमी लागतो, तेवढीच सोय.

परवा शाळेची मुलं आली होती. एक गोरं पोरगं मांसाकडे बघून रडायला लागलं. बाई त्याला दटावत होत्या, ‘खा, नाहीतर आजीला वाईट वाटेल.’ आजी म्हणजे फाद्मा. तिची स्वतःची नातवंडं तंबूच्या मागे उभी राहून ताट परत कधी येतंय ते बघत होती. मुलानं रडत रडत सगळं संपवलं. तुझी शिकवण फार पक्की आहे हो.

पाण्यावर गेले की बाया कुजबुजतात. ‘भीक नको पण कुत्रं आवर’ असं फाद्मा म्हणाली, आणि मला पाहून घडा उचलून चालू लागली. मी काय बोलू? काफिला माझ्या भावाचा. एक विचारते, ते सामान एका ड्रायव्हरबरोबर नाही का पाठवता येणार? एका माणसाला आम्ही सोन्याच्या ताटात वाढू.

तुदाला दोन दात आले. तंबूचा खांब धरून उभी राहते आणि पांढरी हंबरली की हसते. तिला पांढरीचंच हंबरणं कळतं, माझं बोलणं कळत नाही. तिच्या अंगाला हम्मूसारखा वास येतो, खरंच सांगते. मला मूलबाळ झालं नाही, नवरा तरणा गेला, आणि आता साठीत अल्लानं ही पोर कुशीत टाकली. यातल्या कशाचाच अर्थ मी विचारत नाही. तिला वाढवायची, एवढंच मला कळतं.

चारा?

इज्जा


कासाब्लांका,
२४ ऑक्टोबर

इज्जाताईस सलाम.

आधी मोठी बातमी. हाज मझियान येतोय. बिस्किटांच्या कारखान्याचा मालक. कौसरच्या ओळखीतून भेट झाली. माझ्या दुकानात आला, माझ्या हातचा चहा प्यायला, आणि म्हणाला, ‘सी बिही, बर्फ पडायच्या आत तुमच्या गावाला दहा पक्क्या खोल्या बांधून देतो. पण आधी मला स्वतःच्या डोळ्यांनी गाव बघू दे.’ दहा खोल्या, ताई! आणि मी त्याला सांगून ठेवलंय की पहिली खोली माझ्या बहिणीची, कारण तिच्याजवळ आमच्या दादाचं लेकरू आहे. तुदा हिवाळा छताखाली काढेल.

तीन नोव्हेंबरला तो मोठा काफिला घेऊन येईल. त्या दिवशी पाळी आपल्या घरची मागून घे. दुसऱ्या कोणाच्या घरी त्याला बसवायचं म्हणजे माझं नाक कापलं जाईल. बोकडाबिकडावर भागवू नकोस, माणूस मोठा आहे. काय खर्च येईल ते मागाहून बघू.

एका ड्रायव्हरबरोबर सामान पाठवायचं मी विचारून पाहिलं. पण लोकांना स्वतःच्या हातानं द्यायचं असतं. त्यांना नको म्हटलं तर सामानही येणार नाही. फाद्माला सांग, दोन दिवस तोंड आवर. मदत आयती येतेय आणि हिला पाहुणे जड झाले!

चाऱ्याचं लक्षात आहे. हाजचं होऊ दे, मग त्यालाच विचारतो.

तुझा,
बिही


तिग्नातिन,
६ नोव्हेंबर

बिहीला सलाम.

तू सांगितलंस तसं केलं. पाळी मागून घेतली. दा बाहा म्हणाला, ‘इज्जा, तू बाईमाणूस, घरात पुरुष नाही, कडेवर पोर. तुझ्या घराला पाहुण्यांची पाळी लागत नाही. जमात बघून घेईल.’ मी म्हटलं, ‘दा बाहा, माझा भाऊ गाव जगवतोय आणि त्याच्या घरची चूल थंड ठेवू?’ मग त्यानं पाळी मला दिली. दोन मेंढे कापले. त्यांची सोय मी केली, कशी ते विचारू नकोस.

हाज आला नाही.

म्हणजे दरडीपर्यंत आला. गाडीतून उतरला, खेचराकडे पाहिलं, आणि परत गाडीत बसला. वर आला तो त्याचा पुतण्या, डोळ्यांवर काळा चष्मा. मी विचारलं, ‘हाज कुठे आहेत?’

‘काकांचा गुडघा दुखतोय, खाला. त्यांनी सलाम सांगितलाय.’

‘आणि खोल्या?’

‘कुठल्या खोल्या?’

कौसर बिचारी लाल झाली. ती त्याला बाजूला घेऊन काही तरी सांगत होती. पुतण्यानं मशिदीच्या उरलेल्या भिंतीवर बिस्किटांच्या नावाचं कापड बांधलं, आम्हाला त्याखाली उभं केलं आणि हातात एकेक पुडा दिला. फोटोसाठी तुदालाही माझ्या हातातून घेत होता. मी दिली नाही.

मग जेवणं. आधी कलेजी, मग रस्सा, मग कुसकुस. पुतण्या म्हणाला, मी खाली हॉटेलात खाऊन आलोय. बाकीच्यांनी मान खाली घालून सगळं संपवलं. एका मुलाला ओकारी येत होती तरी खात होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला एकदम वाटलं, की हाही माझ्यासारखाच अडकलाय. पण ‘पुरे, बाळा’ असं माझ्याही तोंडून निघालं नाही. उलट अजून एक डाव वाढला. हाताला सवयच ती.

दहा खोल्या कधी सुरू होणार ते हाजला विचारून कळव. वरच्या शिखरावर बर्फ दिसायला लागलंय.

इज्जा


कासाब्लांका,
१४ नोव्हेंबर

इज्जाताईस सलाम.

हाजशी बोललो. म्हणजे त्याच्या माणसाशी बोललो. खोल्यांचं आता वसंतात पाहू म्हणतोय. सिमेंट वर चढवणं अवघड आहे म्हणे. मला फार वाईट वाटतं, पण अशा माणसांच्या मागे लागून चालत नाही, बिथरतात. तू धीर धर. तंबूवर टाकायला जाड प्लास्टिक पाठवतोय.

आता तुला आवडेल अशी बातमी. चारा मिळाला! घोड्यांच्या तबेल्याचा एक मालक माझ्या गिऱ्हाइकाचा मेव्हणा निघाला. पेंढ्याचा अख्खा ट्रक आणि जवाची पोती. पाहिलंस? मी विसरलो नव्हतो. पांढरीला म्हणावं, मजा कर.

आणि एक गंमत. कौसरनं हाजच्या पुतण्याच्या दिवशी काढलेला नवा व्हिडिओ दाखवला. त्यात मागे तू तुदाला बाटली देताना दिसतेस, आणि बाटलीत तपकिरी काहीतरी आहे. रकिया म्हणाली, ‘अहो, ही चहा पाजतेय पोरीला!’ ताई, आत्तापासून चहा? दा बाहाच्या शेजारी बसवून चहा ओतायला शिकवायचं आहे का तिला? दूध द्यायचं सोडून हे काय नवीन?

मला वाटतं पोरगी जरा वाळलीसुद्धा आहे. का फोटोत तसं दिसतं?

तुझा,
बिही


तिग्नातिन,
२२ नोव्हेंबर

बिही,

तुझा ट्रक पोचला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पेंढा छान आहे, कोरडा, गोड वासाचा. आम्ही तो तंबूत अंथरलाय. गावात तो खायला कोणी उरलेलं नाही. दा बाहाचं खेचर तेवढं उरलंय, त्यानं पहिल्यांदा इतकं पाहिलं आणि खाईचना.

पांढरीचं विचारतोस म्हणून सांगते. भूकंपानंतर दलाल खालच्या वाटेवर येऊन बसतो. चारा नाही, गोठा नाही, लोक मातीमोल देऊन टाकतात. हाज यायच्या आधी मी पांढरी त्याच्याकडे नेली आणि बदल्यात दोन मेंढे आणले. तिचं दूध तसंही आटायला लागलं होतं, पण तुदापुरतं होतं. पुतण्यानं जे खाल्लं नाही ते तेच होतं. तुझं नाक शाबूत राहिलं, माझी मान ताठ राहिली आणि पोरीची बाटली रिकामी झाली.

तुला माहीत नव्हतं म्हणशील. कसं नव्हतं? तू याच गावात रांगलास. बोकड काय शेवयांच्या पाकिटातून येतो? वरच्या घरापासून पाळी कशी फिरते ते तुला आईनं दाखवलं नव्हतं? मी आजवर समजत होते की तुला सगळं ठाऊक आहे आणि तू मागे काहीतरी मोठं ठरवलंयस. मागच्या पत्रात तू पांढरीला मजा कर म्हणालास, तेव्हा मला कळलं की तू आता शहरातल्या माणसासारखा आमचा व्हिडिओ बघतोस. आयजीच्या जिवावर बायजी उदार. मला तुझा राग आलाय, बिही. दादाच्या मातीच्या वेळी नशिबाचाही आला नव्हता इतका.

गाय गेल्यावर एका काफिल्यात दुधाच्या पावडरीचे डबे आले होते. पण भूकंपापासून झऱ्याला गढूळ पाणी येतं, उकळलं तरी पिवळं. त्यात कालवून दिली आणि पोरीला जुलाब लागले. दोन-तीन दिवस पोटात काही राहीना. मग मी तिला डोंगरातल्या पाल्याचा काढा साखर घालून देत होते. तुझ्या बायकोला तोच चहा वाटला. दरडीखालच्या दवाखान्यातल्या नर्सनं वजन केलं आणि मला म्हणाली, ‘आजी, ही हिवाळा इथे काढणार नाही. खाली कोणी आहे का?’ मी म्हटलं, आहे.

तुझा निरोप मी ऐकल्यासारखाच आहे. तू म्हणशील, दुसरी गाय पाठवतो, बाटलीतलं पाणी पाठवतो, डबे पाठवतो. पाठवशीलही. पण ते घेऊन कोणीतरी येईल, आणि त्यांच्याबरोबर अजून कोणी येईल, आणि दा बाहा जमात बसवेल. आठवड्यात बर्फ वाट बंद करेल. माझ्याजवळ वाट बघायला वेळ नाही.

म्हणून हे पत्र आणि तुदा, दोन्ही चाऱ्याच्या रिकाम्या ट्रकातून कौसरबरोबर पाठवतेय. कौसर पुढे ड्रायव्हरजवळ बसेल, तुदा तिच्या मांडीवर. चांगली मुलगी आहे ती, खूप रडली. मी तिला म्हटलं, तुझी चूक नाही, तुला वाढलेलं नाकारू नकोस म्हणून सांगितलं होतं.

रकियाला सांग, तिला उताणी झोपवू नये, डाव्या कुशीवर झोपते. झोपताना कानाची पाळी धरू द्यावी लागते, स्वतःची नाही, आपली. दोन दिवस माझा कान शोधेल. रडली तर हंबरून दाखवा, गप्प होते. तिच्या गळ्यात वहिनीचं चांदीचं पदक आहे, ते काढू नका. मोठी झाल्यावर मला काय म्हणायचं ते तिचं तीच ठरवेल. बहुतेक काहीच म्हणणार नाही, एवढ्या लहान मुलांना काही आठवत नाही.

मी हिला वाढवणार होते, बिही. एवढं एकच मागितलं होतं, आणि ते पेंढ्याच्या नावानं मागितलं, कारण मला वाटलं की तुला तेवढ्यावरून कळेल.

आता काफिले पाठवू नकोस. पाठवलेस तर दा बाहा चहा देईल, पण पाळीचं माझं घर संपलं.

माझ्या घरून तुझ्या घरी पाहुणी येतेय. किती दिवस राहणार असं विचारू नकोस. आपल्याकडे पाहुण्याला ते विचारत नाहीत.

इज्जा